शुक्रवारचा रविवार

मस्कतला उतरले. शिक्का मारणारा पोरगा म्हणाला, सलाम.
मीही म्हणाले, सलाम.
आमच्या गावी या एका शब्दावर
कळायचं, ही ख्रिस्ती मंडळींतली,
आणि चहाचा कप कुठल्या फळीवरचा काढायचा तेही.
इथे तो सगळ्यांचाच,
सुट्ट्या पैशासारखा हातोहाती फिरून गुळगुळीत झालेला.

तीस किलोंत काय काय बसवलं होतं.
शेंगदाण्याची चटणी, सुगंधाला बाजरीचं पीठ,
मोठ्या टायपातली दोन गीतपुस्तकं,
आणि पेपरात गुंडाळलेला एक दोरा.
तो विमलच्या आईनं दिला,
नेवाशाच्या स्टँडवर, एसटी हलल्यावर, खिडकीतून.
"नातवाची उंची हाय ही, बाई. टाचेपासून टाळूपातुर.
गाठ मारलीय तिथं संपतो त्यो.
तिला म्हणावं, भिताडाला लावून बघ."

शुलमीत निघताना बोलली नाही.
बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्या टकलावर
माझ्या हाताच्या तेलाचा वास अजून.
आदल्या रात्री मात्र बोलली होती,
"आई, दुसऱ्यांच्या लेकी सांभाळायला जातेस."
मी बॅगेची चेन ओढत राहिले, ती मध्येच अडकली.

आणि उपासनेनंतर ओहोळसाहेब,
सगळ्या मंडळीसमोर, माइक हातात:
"परदेशात किती आत्मे जिंकले, बाई?"
काय सांगणार?
दिवसा दाताच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडते,
संध्याकाळी मोलकरणींचे फॉर्म भरते,
पगार अडला तर अर्ज, दाढ दुखली तर लवंग,
घरी फोन लावून देते आणि त्या रडताना
भाजी निवडत बसते.
आवाराच्या भिंतीबाहेर वचनाचा शब्द काढत नाही,
इथला नियमच आहे, आणि मी पाळते.
म्हणाले, "मोजले नाहीत."
कुणीतरी टाळी वाजवली, नम्रता समजून.

रुवीत आमचा रविवार शुक्रवारी येतो.
हॉल नंबर चार, साडेसात ते पावणेनऊ.
आमच्या आधी मल्याळी, नंतर तमिळ,
खुर्च्यांवर बसलं की आधीच्यांची ऊब लागते.
आम्ही अकरा जणी. मोजल्या तर दहा.

"विमल?"
"गेली की बाई," सुगंधा म्हणाली. "काल रात्रीच.
मॅडमनं पासपोर्ट हातात दिला, तिकीट दिलं,
म्हणाली, जा. का, ते नाही सांगितलं."

दोन वर्षं, दर शुक्रवारी, गुडघ्यावर,
हेच मागितलं होतं आम्ही.
काल रात्री म्हणजे समुद्रावर कुठेतरी
तिचं विमान माझ्या विमानाशेजारून गेलं असेल.
मी खिडकीचं झापड ओढून घेतलं होतं,
उपमा गार होता, तेवढंच आठवतं.

खोटं कशाला बोलू, आधी राग आला.
माझ्या रजेत काम उरकलंस होय रे देवा,
एक महिना थांबला असतास.
मग हसू आलं, मग स्तोत्र काढलं,
पण सूर फार वरचा लागला आणि
दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचाच गळा बसला.

उपासना संपल्यावर पर्समधून दोरा काढला.
आता याचं काय करायचं?
आज त्याला प्रत्यक्ष बघत असेल ती,
गाठीच्याही वर दोन बोटं वाढलेला.

सुगंधानं तो माझ्या हातातून घेतला.
टोक जमिनीला टेकवून पायाच्या अंगठ्यानं दाबलं,
भिंतीला ताणून धरला, स्विचबोर्डाच्या जरा खाली,
आणि गाठीवरून तळवा फिरवला,
केस विस्कटावेत तसा.
"माझा पण एवढाच झाला असंल," म्हणाली.
"राहू दे का माझ्याकडं?"

दारात तमिळ मंडळी येऊन थांबली होती,
गिटारवाला, म्हातारे, झोपाळलेली पोरं.
पावणेनऊ होऊन गेले होते.
त्यांच्यातलं कुणीच घड्याळाकडे बघितलं नाही.